ताप, उष्माघात आणि आपली गेटवरची केबिन: सोसायटी ग्रुपवरील चर्चा (खारघर, नवी मुंबई)

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. आज दुपारी मुख्य गेटवरील सुरक्षारक्षकांना भोवळ आली, अंग चटका बसावा इतके तापले आणि ते असंबद्ध बोलू लागले. त्यांना वेळेत रुग्णालयात नेल्यामुळे प्रकृती आता स्थिर आहे. त्यापूर्वी त्यांना तापाची गोळी देण्यात आली होती. तिचा उपयोग नव्हता, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले. शरीरक्रियाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक असलेल्या ब-७०३ मधील काकांनी याविषयी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

क-२०४: अंग तापले की पॅरासिटामॉल द्यायचे, हे आपल्याकडे घरोघरी चालते. मग ते आजच निरुपयोगी का ठरावे?

ब-७०३: ताई, प्रश्न रास्त आहे. अंग तापणे हे लक्षण दोन्हीकडे सारखे असले, तरी ताप आणि उष्माघात यांत शरीराच्या आत जे घडते ते अगदी वेगळे आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचे केंद्र असते. ते रक्ताच्या तापमानावर सतत लक्ष ठेवते आणि ते ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखते. तापमान वाढू लागले की त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात व घाम सुटतो; उतरू लागले की त्या आकसतात व स्नायू थरथरू लागतात. बदल ज्या दिशेने होईल त्याच्या उलट दिशेने जोर लावण्याची हीच रीत शरीर रक्तातील साखर, क्षार, आम्लता आणि रक्तदाब यांच्या बाबतीतही वापरते. पेशींच्या भोवतीचा द्रव स्थिर राहणे जीवनासाठी किती आवश्यक आहे, हे १९ व्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी मांडले, आणि १९२६ मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी या व्यवस्थेला होमिओस्टॅसिस हे नाव दिले.

संसर्ग झाला की रोगप्रतिकारक पेशींच्या संदेशांमुळे हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन तयार होते आणि केंद्राचे लक्ष्यच ३७ वरून, समजा, ३९ वर सरकते. म्हणूनच अंग ३८ अंशांवर असतानाही रुग्णाला हुडहुडी भरते आणि तो पांघरूण मागतो, कारण त्याच्या मेंदूच्या हिशेबाने शरीर अजून थंडच असते. पॅरासिटामॉलची गोळी या प्रोस्टाग्लँडिनचे प्रमाण कमी करून लक्ष्य पुन्हा खाली आणते, मग घाम येतो आणि ताप उतरतो. उष्माघातात मात्र लक्ष्य ३७ वरच असते. बाहेरची उष्णता आणि शरीरात निर्माण होणारी उष्णता मिळून शरीराची ती बाहेर टाकण्याची ताकदच अपुरी पडते. त्यामुळे गोळीला खाली आणण्यासारखे काही नसतेच, उलट उष्णतेने आधीच त्रासलेल्या यकृतावर तिचा भार पडू शकतो.

ड-१०१: थोडक्यात, तापात कोणीतरी एसीच्या रिमोटवरचा आकडा वाढवलेला असतो, आणि उष्माघातात आकडा योग्य असूनही यंत्रच खोली थंड करू शकत नाही.

ब-७०३: अगदी बरोबर.

अ-५०१: काका, विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. आपल्याकडे तर आज ३७ च्या आसपासच होता. मग इतका त्रास कसा झाला?

ब-७०३: कारण आपल्याकडे हवा दमट आहे. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात काही तासांत निर्माण होणारी सगळी उष्णता त्यात निघून जाते. परंतु नुसता निथळून गेलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत तो वाळतच नाही, आणि माणूस भिजूनही तापत राहतो. एप्रिल २०२३ मध्ये आपल्याच खारघरला उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसे दगावली, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नसेल. शिवाय आपले रक्षक नुकतेच गावाहून येऊन कामावर रुजू झाले आहेत. उकाड्याची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठही कमी जाते.

क-२०४: मग त्यांनी दर अर्ध्या तासाला तांब्याभर पाणी प्यावे, असे सांगू का?

ब-७०३: पाणी जरूर प्यावे, पण तहानेच्या अंदाजाने, आणि फार घाम जात असेल तर मीठ घातलेले ताक किंवा ओआरएस घ्यावे. रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल या मर्यादेत राहावे लागते. घामातून मीठ जात असताना केवळ साधे पाणी ढोसत राहिल्यास ते खाली घसरून गुंगी किंवा झटकेही येऊ शकतात. आपल्या इमारतीतील ज्येष्ठांची गोष्ट निराळी आहे, कारण वयानुसार तहानेची जाणीव मंदावते आणि त्यांना आठवण करून द्यावी लागते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, किंवा हृदय वा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पाण्याचे प्रमाण मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे.

सचिव: पुन्हा असा प्रसंग आलाच, तर नेमके काय करावे?

ब-७०३: १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत न थांबता सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत पंख्याचा वारा द्यावा, मान, काखा व जांघेत बर्फ ठेवावा. असंबद्ध बोलणाऱ्या किंवा शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

सचिव: आभारी आहे. केबिनचा पत्रा दुपारी फार तापतो, त्यामुळे उद्यापासून दुपारी १२ ते ४ या वेळेत रक्षकांची खुर्ची लॉबीत ठेवण्यात येईल आणि केबिनला पंखा बसविण्याचा खर्च रविवारच्या सभेत मंजुरीसाठी मांडण्यात येईल.