पेनसिल्व्हेनियात अध्यक्षपदासाठी पहिलंच मत आणि समोर ट्रम्प-हिलरी हे दोघे. मतपत्रिकेवरची ती ओळ कोरी सोडली तर चालते का?

हळदगल्ली (लॅन्सडेल, पेनसिल्व्हेनिया)
२० ऑक्टोबर २०१६, रात्री ११.४०

मंडळी, राजकारणाच्या धाग्यांवर मी एरवी नुसती वाचनमात्र. आज राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मार्चमध्ये फिलाडेल्फियाला शपथ घेऊन नागरिक झाले. मतदार नोंदणीचा फॉर्म तिथेच हातात दिला, तो मी उभ्या उभ्या पर्सवर ठेवून भरूनही टाकला, एवढी हौस. शेवटचं मत दिलं होतं १९९८ च्या लोकसभेला, सांगलीत. बाबांनी घरून निघताना तीनदा बजावलं होतं, "घडी नीट घाल. शिक्क्याची शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली की मत बाद." कोणाला द्यायचं हे मात्र कोणी सांगितलं नाही, कारण आमच्या घरात ते आजोबांच्या वेळेपासून ठरलेलंच होतं. म्हणजे स्वतःच्या डोक्याने द्यायचं हे माझं पहिलंच मत.

आणि पदरात काय पडलं, तर हे दोघे.

ट्रम्प माझ्याच्याने होणार नाही. बायकांबद्दल घाणेरडं बोललेली ती त्यांची बसमधली टेप बाहेर आली तेव्हा तेरा वर्षांची लेक शेजारी सोफ्यावर होती. रिमोट सापडेपर्यंत ते वाक्य दोनदा ऐकून झालं होतं. पण हिलरीबाईही घशाखाली उतरत नाहीत. मी एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम करते. पेशंटचं नाव असलेली एक मेल मी घरच्या अकाउंटवर पाठवली, तर दुपारच्या आत टेबल रिकामं करायला लावतील. ह्या तेव्हा परराष्ट्रमंत्री, आणि ईमेलचा सर्व्हर घरातला. एफबीआयचे प्रमुख कोमी जुलैमध्ये म्हणाले की निष्काळजीपणा अतोनात झाला, पण खटला भरण्याजोगं काही नाही. बरं, नसेल. पण मला विचाराल तर माझ्या डोक्यातून ते जात नाही. वर गोल्डमन सॅक्स बँकेपुढची भाषणं, एकेकाचे सव्वादोन लाख डॉलर. मेल्यांनी ऐकलं तरी काय असेल एवढं?

नवरा "दगडापेक्षा वीट मऊ" म्हणतो आणि टीव्ही बंद करतो. दीर एडिसनला असतात. गेल्या शनिवारी तिथे रिपब्लिकन हिंदू कोअलिशनच्या कार्यक्रमाला ट्रम्प स्वतः आले होते, दीर बघून आले, तेव्हापासून फोनवर दुसरा विषय नाही. जाऊबाई पक्क्या डेमोक्रॅट. त्यांच्या घरात सध्या जेवणं दोन पंगतीत होत असावीत.

९ तारखेची डिबेट मी मेथी निवडत बघत होते. अगदी शेवटी प्रेक्षकांतल्या एकाने विचारलं, एकमेकांची एक तरी गोष्ट सांगा जिचा तुम्हाला आदर वाटतो. हिलरी म्हणाल्या, ह्यांची मुलं. ट्रम्प म्हणाले, ह्या मैदान सोडत नाहीत. दीड तासात तेवढ्यापुरती मी जुडी खाली ठेवली.

तर प्रश्न असा. अध्यक्षाची ओळ कोरी सोडली तर बाकीचं मत बाद होतं का? आणि कोरी सोडणं, लिबर्टेरियन पक्षाच्या जॉन्सनला किंवा ग्रीन पक्षाच्या स्टाइनबाईंना देणं, यात प्रत्यक्षात काही फरक आहे का? ह्याला द्या, तिला द्या हे कृपया नको. ते घरात भरपूर आहे.

---

बे_एरियातला_बंड्या
२० ऑक्टोबर, रात्री ११.५८

ताई, बाद होत नाही. बाकीच्या जागांची मतं मोजतात. पण तुम्ही पेनसिल्व्हेनियात बसून कोरं सोडायच्या गोष्टी करताय हे वाचून मला मेथीच्या जुडीने मारून घ्यावंसं वाटलं. तुमच्याकडे अध्यक्ष ठरवणारी २० इलेक्टोरल मतं आहेत, राज्यात जिंकेल त्याला सगळी, आणि दोघांच्या सभा एकीमागून एक चालू आहेत. आमच्याकडे ५५, पण १९८८ नंतर इथे रिपब्लिकन जिंकलेला नाही, म्हणून कोणी ढुंकून बघत नाही. इथे येतात ते फक्त पैसे गोळा करायला. मी ओळ कोरी सोडली, जॉन्सनला दिली की तिच्यावर पुरणपोळीची कृती लिहिली, कॅलिफोर्नियाला सगळं सारखंच.

तुमच्याकडे फरक पडतो. फ्लोरिडा, २०००: बुश डेमोक्रॅट गोरच्या ५३७ मतांनी पुढे, आणि त्याच राज्यात ग्रीन पक्षाच्या नेडरला ९७ हजारांवर मतं. त्यातले सगळे गोरकडे गेले असते असं नाही. पण ५३७!

एक सौदा सुचवतो. मी इथून तुमच्या वतीने जॉन्सनला देतो, तुम्ही तिथे नाक धरून दोघांतलं एक निवडा. हसू नका. २००० मध्ये नेडर-गोरवाल्यांच्या अशा अदलाबदलीच्या वेबसाइट निघाल्या होत्या. आमच्या राज्याने धमकावून त्या बंद करायला लावल्या, आणि पुढे २००७ मध्ये कोर्टाने सांगितलं की लोकांना असं ठरवायचा हक्क आहे.

---

वाळवंटातली_वसुधा (लास व्हेगास)
२१ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

आमच्या नेवाडात ही सोय छापीलच आहे गं. उमेदवारांच्या खाली "यांपैकी कोणीही नाही". १९७६ पासून आहे. पण हुरळून जाऊ नकोस. २०१४ ला गव्हर्नरपदाचा डेमोक्रॅट उमेदवार निवडायच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, हा "कोणीही नाही" चक्क पहिला आला, आणि उमेदवारी गेली दुसऱ्या नंबरच्या माणसाला. त्या माणसाचा विचार कर. आपण कोणाकडून हरलो हे बायकोला काय सांगितलं असेल?

---

पेठेतला_पंत
२१ ऑक्टोबर, रात्री ९.०५ (पुणे)

वसुधाताई, आमच्याकडेही २०१३ पासून 'नोटा'चं बटण आहे. दाबलं की मनाला शांती. निकालाला ढिम्म काही होत नाही.

मूळ प्रश्नाबाबत: उडदामाजी काळे-गोरे, काय निवडावे निवडणाऱ्याने. जगातली सगळ्यात जुनी लोकशाही म्हणवता आणि तीस-बत्तीस कोटींतून ही दोन माणसं गाळून काढता. चालू द्या.

---

हळदगल्ली
२१ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

पंत, तुम्ही कधी उडीद निवडले आहेत का? काळा-गोरा बघायचाच नसतो, खडा काढायचा असतो. माझी अडचण ही की मला दोन्हीकडे खडा दिसतोय आणि ताटलीत दोनच दाणे आहेत.

बंड्या, सौदा गोड आहे, पण तू खरंच जॉन्सनला दिलंस की नाही हे मला कसं कळणार? भाजीवाल्याशीही मी एवढ्या विश्वासाने व्यवहार करत नाही.

---

लुइझियानाकाका
२२ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

मी सत्तरीचा म्हातारा. जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

१९९१ साली आम्ही बॅटन रूजला होतो. गव्हर्नरची निवडणूक. एका बाजूला एडविन एडवर्ड्स, तीन वेळा गव्हर्नर झालेला, जुगारी, भ्रष्टाचाराच्या खटल्यातून सुटून आलेला. दुसऱ्या बाजूला डेव्हिड ड्यूक, कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेचा एकेकाळचा म्होरक्या. आमच्या ऑफिसात एक बाई होत्या, कट्टर रिपब्लिकन, चर्चला नेमाने जाणाऱ्या. एडवर्ड्सचं नाव निघालं की त्यांच्या कपाळाला आठ्या. एक दिवस पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीच्या मागे स्टिकर दिसलं. तेव्हा ते गावभर होतं: "चोराला मत द्या. तसंच महत्त्वाचं आहे." मी त्यांच्याकडे बघितलं, त्या म्हणाल्या, "एक शब्द बोलू नकोस."

मला मत नव्हतं. ग्रीन कार्डवर होतो. मुलगी तिथल्या शाळेत दुसरीत. ड्यूक आला तर सामान बांधायचं, इतकं आमचं बोलणं झालेलं होतं. ह्यूस्टनला एका मित्राला जागा बघून ठेवायला सांगितली होती. आपल्याला न आवडणाऱ्या माणसासमोर नाक मुरडत बटण दाबणाऱ्या लोकांवर आमचं घर अवलंबून होतं, हे मी विसरलो नाही. एडवर्ड्सला शंभरातली साधारण एकसष्ट मतं पडली.

पुढे तो चोर निघाला का? निघाला की. २००० मध्ये दोषी ठरला, मग तुरुंगात गेला. त्या बाईंना मी फोन करून मुद्दाम विचारलं, पस्तावलात का? म्हणाल्या, "स्टिकरवर काय लिहिलं होतं ते वाचलं नव्हतंस का?"

या खेपेला त्यातला कोण कोण, हे मी लावून देत नाही. दोन्ही बाजूचे लोक मला फोन करून आपापल्या परीने लावून देत असतातच. तुम्ही एवढंच बघा, सूनबाई, की तुमच्या मताची वाट बघणारा, पण मत नसलेला, असा कोण तुमच्या आसपास आहे.

---

नॉरिस्टाउनची_नीला
२२ ऑक्टोबर, सकाळी १०.४४

काकांना नमस्कार. मी आता कामाचं सांगते, कारण आपल्याच माँटगोमेरी काउंटीत मी मतदान केंद्रावर बसते.

त्या केंद्रावर पहिल्यांदाच मत देताय, म्हणजे ओळखपत्र लागेल. ते विसरून घरी परत जाणारे दर वेळी भेटतात. पडदा ओढला की समोर सगळी मतपत्रिका एकाच मोठ्या फलकावर दिसते. नावाशेजारी दाबलं की हिरवी फुली उजळते. बदलायचं असेल तर परत दाबलं की विझते. कडेला आख्ख्या पक्षाचं एक बटण आहे, त्याने त्या पक्षाचे सगळे एकदम उजळतात. तुला एकेक बघून द्यायचंय ना, मग त्याला हातच लावू नकोस. शेवटी मत टाकायचं बटण वेगळं असतं, ते दाबल्याशिवाय बाहेर येऊ नकोस. लोक येतात, खरंच येतात.

आणि वरच्या ओळीत इतकी अडकू नकोस की खालचं राहील. सिनेटला टूमी विरुद्ध मॅकगिंटी आहे. राज्याच्या अॅटर्नी जनरलसाठी आपल्याच काउंटीचे शपीरो उभे आहेत. आणि एक प्रश्न आहे न्यायाधीशांचा: त्यांना पंचाहत्तराव्या वर्षी निवृत्त करावं का, हो की नाही. वाचताना वाटतं, वा, म्हाताऱ्यांना घरी पाठवायला निघालेत. आत्ता वय सत्तर आहे हे त्यात लिहिलेलंच नाही! म्हणजे 'हो' म्हणालीस तर त्यांना पाच वर्षं वाढवून मिळतात.

---

हळदगल्ली
२९ ऑक्टोबर, रात्री १०.१०

नीला, हे सोन्यासारखं सांगितलंस. त्या प्रश्नाला मी डोळे मिटून 'हो' म्हणणार होते.

मी जरा सरकले होते एका बाजूला, तर काल कोमींचं पुन्हा पत्र, पुन्हा ईमेल. दिरांचा फोन पहिल्या दहा मिनिटांत. मी उचलला नाही.

काका, तुम्ही विचारलेलं डोक्यात आहे. आमच्या मजल्यावर रात्री साफसफाई करणारी एक बाई आहे, ग्वाटेमालाची. परवा तिने लेकीचा शाळेतला फोटो दाखवला. निवडणुकीबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. मीही विचारलं नाही. आणि वरच्या मजल्यावरचा आमचा मेन्टेनन्सवाला, वडील कोळशाच्या खाणीत होते, तो म्हणतो इतक्या वर्षांत आमच्या गावाचं नाव घेणारा ट्रम्प पहिलाच. त्याचं काय करू?

---

हळदगल्ली
८ नोव्हेंबर, रात्री ८.२०

देऊन आले. नीला, ओळखपत्र होतं.

सकाळी साडेनऊला रांगेत उभी होते. शाळेचा जिम, बास्केटबॉलचं कोर्ट, मागे मुलांच्या आयांनी मांडलेले केक. पुढे वीसएक माणसं. तेवढ्यात सांगलीहून बाबांचा फोन. मला वाटलं आठवण द्यायला केलाय, घडी नीट घाल म्हणून. तर बाबा ओरडतायत, "अगं, नोटा गेल्या!" मी म्हटलं कोण गेलं? डोक्यात पंतांचा तो नोटा. "पाचशे-हजारच्या! आज रात्री बारापासून बंद! मोदी आत्ता टीव्हीवर बोलले. आईच्या डब्यात किती आहेत ते तिलाच माहीत नाही." मागून डबे उघडल्याचा आवाज येत होता. पुढच्या गोऱ्या आजीबाईंनी वळून विचारलं, घरी सगळं ठीक ना? काय सांगणार.

तसाच फोन ठेवून आत गेले. अध्यक्षाच्या ओळीला पाच नावं. एकावर दाबलं, हिरवी फुली आली. परत दाबलं, विझवली. असं दोनदा. बाहेरून कोणी तरी खाकरलं. मग तिसऱ्यांदा दाबलं आणि ठेवलं. कोरी नाही सोडली एवढं सांगते.

---

बे_एरियातला_बंड्या
१४ डिसेंबर

धागा वर काढतोय. पेनसिल्व्हेनियात शेवटी ट्रम्प सुमारे ४४ हजारांनी पुढे. स्टाइनला ५० हजारांच्या आसपास, जॉन्सनला जवळजवळ दीड लाख. मी जॉन्सनला दिलं होतं हो, आईशप्पथ. ताई, आता तरी सांगा कोणाला दिलंत?

---

हळदगल्ली
१४ डिसेंबर

नाही. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, तो रोज एक अंदाज करतो.

न्यायाधीशांच्या प्रश्नाला 'नाही' दाबलं, ते सांगते. तिथेही हरले, थोडक्यात.