रविवारच्या शिबिरात बोट कसे टोचले जाणार?

सचिव : नमस्कार सदस्यहो. येत्या रविवारी सकाळी ७ ते ९ या वेळेत क्लबहाऊसमध्ये रक्तातील साखरेची मोफत तपासणी ठेवली आहे. सर्वांनी उपाशीपोटी यावे. ग्लुकोमीटर आणि इतर साहित्य शिबिर घेणारी मंडळीच आणणार आहेत.

बी-६०३ : सचिवसाहेब, उपक्रम चांगला आहे आणि मी मदतीला नक्की येईन, परंतु एक गोष्ट आजच ठरवून टाकावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नेरूळला राहायला येण्यापूर्वी आणि नंतरही मी मिळून ३१ वर्षे रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत काम केले, म्हणून हे हक्काने लिहिते. मागील शिबिरात बोट टोचण्याचे पेन, म्हणजे सुई बसवून बोटावर दाबायचे साधन, एकच होते. माणसागणिक सुई बदलली जात होती हे खरे, पण पेनाचे टोपण तेच राहत होते, आणि माझा नंबर आला तेव्हा त्या टोपणाच्या भोकाशी, आतल्या कडेला, सुकलेल्या रक्ताचा तपकिरी ठिपका मला स्पष्ट दिसला. मी तसे बोलून दाखवले, तर सुई नवी आहे ना, मग काळजी कसली, असे उत्तर मिळाले. काळजी त्या ठिपक्याचीच आहे. रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरू शकतो, आणि त्याच्या संसर्गासाठी डोळ्यांना दिसेल एवढे रक्तही लागत नाही. म्हणून टोचण्याचे पेन हे दात घासण्याच्या ब्रशसारखे ज्याचे त्याचेच असावे लागते. नवरा-बायकोतसुद्धा ते सामाईक नको. शिबिरात एकदाच वापरायची, टोचल्यावर सुई आपोआप आत जाऊन पुन्हा बाहेर न येणारी लॅन्सेट प्रत्येकासाठी वेगळी हवी. हातमोजेही माणसागणिक बदलायला हवेत आणि मीटर दर वेळी पुसायला हवा. आयोजकांकडे अशी लॅन्सेट नसतील, तर ती आपण सोसायटीतर्फे आणावीत, पण पेन टेबलावर येऊ देऊ नये.

सी-२०१ : काकू, तुम्ही विषय काढलाच आहे म्हणून विचारतो. मागच्या शिबिरात माझी साखर उपाशीपोटी २४८ आली आणि घरात सर्वांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दंडाच्या शिरेतून रक्त दिले, तर ती १०९ निघाली. यातले खरे कोणते मानायचे? त्या सकाळी मी काही खाल्ले नव्हते. नातवंडांसाठी हापूस चिरून ठेवले आणि हात पंचाला पुसून खाली आलो, एवढेच.

बी-६०३ : दादा, लॅबचा आकडा खरा माना, तुमच्या प्रश्नातच त्याचे कारण आले आहे. मीटरची पट्टी रक्ताचा एक बारीकसा थेंब शोषते, आणि बोटावर आंब्याचा रस वाळलेला असेल तर त्यातील साखर त्याच थेंबात उतरते. स्पिरिटचा बोळा फिरवून ती पुरेशी निघत नाही. साबण आणि वाहते पाणी लागते, आणि त्यानंतर हात पूर्ण कोरडा व्हावा लागतो, कारण ओल्या बोटावर थेंब पसरतो व पातळ होतो. याशिवाय मीटरला स्वतःची एक मुभा असते. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० किंवा त्याहून अधिक साखरेला १५ टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे लॅबमध्ये २०० असलेल्या माणसाला मीटरने १७० किंवा २३० दाखवले तरी मीटर बिघडला असे म्हणता येत नाही. जेवणानंतर तर बोटाच्या रक्तातील साखर शिरेतील साखरेपेक्षा मुळातच जास्त असते. म्हणून शिबिरातील आकड्यावरून कोणीही गोळी सुरू करू नये किंवा बंदही करू नये.

आता बोट कोणते, हेही सांगते, कारण गेल्या खेपेला अनेकांनी सवयीने तर्जनी पुढे केली होती. ज्या हाताने आपण कमी कामे करतो, त्या हाताची अनामिका किंवा मधले बोट द्यावे. अंगठ्याची कातडी जाड असते, तर्जनीला वेदना अधिक जाणवते आणि करंगळीत हाड फार जवळ असते. टोचायचे ते बोटाच्या अगदी शेंड्यावर नाही आणि पेराच्या मधोमधही नाही. मध्यापासून किंचित बाजूला, मांसल भागावर, आणि बोटावरच्या रेषांना आडवे. रेषांच्या दिशेने टोचले तर रक्त त्या चरांतून ओघळते; आडवे टोचले की मण्यासारखा गोल थेंब उभा राहतो, आणि हवा असतो तो तोच. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकावा, कारण त्यात पेशींभोवतालचे पाणी आणि उरलेले स्पिरिट मिसळलेले असते.

रक्त येत नाही म्हणून बोट पिळणे ही माझ्या मते सर्वांत वाईट सवय आहे. पिळल्याने ते पाणी थेंबात उतरते आणि तांबड्या पेशी फुटतात. बोटातून पोटॅशियम किंवा हिमोग्लोबिन तपासायचे असेल तर अशा नमुन्याचा अहवाल सरळसरळ फसवा येतो. हात गार असेल तर कोमट पाण्यात ३ ते ५ मिनिटे धरावा, खाली सोडून ठेवावा, आणि मग टोचावे. रक्त आपण होऊन येते. पावसाळ्यात मलेरियासाठी काचपट्टीवर रक्त घेतात, तेव्हाही हेच लागू आहे.

ए-९०४ : काकू, आमचे बाळ आज ६ दिवसांचे आहे. कावीळ पाहण्यासाठी रुग्णालयात दोन दिवसांत तीनदा टाचेतून रक्त घेतले आणि आता एक टाच काळीनिळी पडली आहे. उद्या पुन्हा बोलावले आहे. बोटातून घ्या असे सांगू का?

बी-६०३ : ताई, बोटातून मुळीच नको. नवजात बाळाच्या बोटात कातडीपासून हाड जेमतेम दीड-दोन मिलिमीटरवर असते, आणि सुई हाडाला लागली तर हाडात जंतू शिरून ते सडण्याचा धोका असतो. साधारण ६ महिन्यांपर्यंत, बाळ १० किलोंच्या आत असेपर्यंत, टाचच योग्य. पण टाचेची जागा ठरलेली आहे. अंगठ्याच्या मध्यापासून मागे टाचेकडे एक रेघ मनात ओढा, दुसरी शेवटच्या दोन बोटांच्या फटीतून ओढा. या दोन रेघांच्या बाहेरच्या कडांवर, तळव्याच्या बाजूने टोचायचे. टाचेचा मधला भाग आणि मागची गोलाई टाळायची, कारण तेथे हाड वर असते. खोली २ मिलिमीटरच्या आत, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला त्याहूनही कमी.

काळेनिळे झाले ते बहुधा दाबल्यामुळे. उद्या दुसरी टाच द्या, सुजलेल्या किंवा आधी टोचलेल्या जागी पुन्हा टोचू देऊ नका, आणि त्याआधी ५ मिनिटे टाचेला कोमट, तुम्हाला स्वतःला सोसेल अशा उबेचे फडके गुंडाळा. टोचताना बाळाला अंगावर पाजत राहा; बाळ खरोखरच कमी रडते. नंतर चिकटपट्टी लावू नका, कापसाने दाबून धरा. चिकटपट्टी नाजूक कातडी सोलते आणि सुटली तर बाळाच्या तोंडात जाते. रक्त जास्त लागणार असेल, तर सरावलेल्या परिचारिकेला हाताच्या शिरेतून घेता येईल का, हेही नम्रपणे विचारा. पूर्ण दिवसांच्या बाळाला टाचेपेक्षा ते कमी दुखते.

आणखी एक विचारते. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेच्या रक्ताचे थेंब जाड कागदी कार्डावर घेतले होते का? त्या थेंबांवरून थायरॉइडची जन्मजात कमतरता वेळेवर कळते, आणि पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मुलाच्या बुद्धीची वाढ वाचते. राहिले असेल तर उद्याच डॉक्टरांना विचारा.

ए-९०४ : कार्डावर घेतले होते, काकू, अहवाल आणायचा आमच्याकडूनच राहिला आहे. उद्या आधी तोच मागते.

सचिव : आयोजकांशी आत्ताच बोललो. त्यांच्याकडे पेनच होते. आपण सांगितल्यावर त्यांनी प्रत्येकासाठी वेगळे लॅन्सेट आणण्याचे मान्य केले आहे. क्लबहाऊसच्या बेसिनपाशी साबण आणि कागदी रुमाल ठेवण्यास सांगितले आहे. वापरलेल्या सुया कशात टाकायच्या?

बी-६०३ : सुई भोसकून बाहेर येणार नाही असा पांढरा डबा त्यांनीच आणावा आणि जाताना न्यावा, आपल्या सुक्या कचऱ्यात एकही सुई जाता कामा नये, कारण तो कचरा वेचणाऱ्या बाई उघड्या हातांनी निवडतात. मी साडेसहाला खाली येते. हात धुतल्याशिवाय कोणालाही टेबलाशी बसू द्यायचे नाही, एवढे काम माझ्याकडे द्या.