सल्ला हवा: स्वालबार्डच्या बर्फातले पीफास मोजायचे आहेत, नमुने कसे घ्यावेत?

हिमरेषा

नमस्कार मंडळी. पीएचडीचं पहिलं वर्ष चालू आहे. विषय स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहावरच्या हंगामी बर्फातले पीफास, म्हणजे पाणी-तेल झटकणारी, सहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं. पीएफओएस, पीएफओए, पीएफएनए ही नेहमीची मंडळी, आखूड (कमी कार्बनच्या) साखळीतला पीएफबीए, आणि जमलं तर सर्वांत लहान टीएफए. एप्रिलच्या मोहिमेत न्यू-ऑलेसुंड वस्तीतल्या भारताच्या हिमाद्री केंद्रावर जागा मिळाली आहे. नमुने तिथे घ्यायचे आणि विश्लेषण गोव्यात, एलसी-एमएस/एमएस या रेणू वेगळे करून वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रावर.

सध्याचा बेत असा: १२ ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वरच्या थराचा एक नमुना, २५० मिलिलिटरच्या एचडीपीई (पॉलिथिलीन) बाटल्या, सगळं गोठवूनच परत आणायचं. फील्ड ब्लँक (बर्फाशिवाय, बाकी सगळं नमुन्यासारखंच केलेले कोरे नमुने) दोन. बाटली एवढी पुरेल का, ब्लँक किती घ्यावेत आणि कपडे-अवजारांत काय टाळावं, हे नीट सांगाल का? कठोर बोललात तरी चालेल, निघायच्या आधी कळलेलं बरं.

थेंबमोजणी

बाटलीपासूनच सुरुवात करू, कारण बेत तिथेच अडतो.

तुमचं यंत्र अर्कात, म्हणजे नमुन्यातून पीफास एकवटून काढलेल्या थोड्या द्रावणात, ०.०५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत विश्वासाने मोजतं असं धरा. शेवटचा अर्क ०.५ मिलिलिटर. म्हणजे बाटलीतून निदान २५ पिकोग्रॅम यायला हवेत. वितळलेलं पाणी १ लिटर असेल तर तुमची मर्यादा २५ पिकोग्रॅम प्रति लिटर. पण २५० मिलिलिटरच्या बाटलीत बर्फ भरलात तर २५० मिलिलिटर पाणी मिळत नाही. वाऱ्याने दाबलेल्या बर्फाची घनता ०.३५ ते ०.४, म्हणून हातात येतं जेमतेम १०० मिलिलिटर. मर्यादा थेट २५० पिकोग्रॅम प्रति लिटरवर गेली. स्वालबार्डच्या बर्फात बहुतेक पीफास काही दहा ते काही शे पिकोग्रॅम प्रति लिटर एवढेच असतात. तक्त्यात अर्ध्याहून जास्त रकान्यांत ‘आढळलं नाही’ येईल, आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

१ लिटर पाण्याला साधारण ३ लिटर बर्फ लागतो. रुंद तोंडाच्या २ लिटरच्या दोन एचडीपीई बाटल्या एका नमुन्याला धरा. बर्फ स्कूपच्या पाठीने दाबा, हाताने नाही. ठिकाणं १२ वरून ५ वर आणा आणि प्रत्येक ठिकाणी तीन स्वतंत्र नमुने घ्या. एका ठिकाणी एकच नमुना असेल तर दोन ठिकाणांतला फरक खरा की बर्फाच्या असमानपणाचा, हे सांगताच येत नाही.

दोन ब्लँक तर फारच कमी. शोधमर्यादा तुम्ही ब्लँकच्या सरासरीत तीन प्रमाण विचलनं मिळवून काढणार. दोन आकड्यांचं प्रमाण विचलन म्हणजे निव्वळ नशीब. १५ नमुन्यांना निदान ५ फील्ड ब्लँक, ३ प्रयोगशाळा ब्लँक आणि अवजारं धुतलेल्या पाण्याचे २, एवढे हवेतच. या विषयात अभ्यास टिकतो तो ब्लँकवर, नमुन्यांच्या संख्येवर नाही.

उत्तरवारा

ठिकाणं निवडताना वस्तीचा वारा पाहा. न्यू-ऑलेसुंडला प्रमुख वारा आग्नेयेकडून, म्हणजे कोंग्सव्हेगेन हिमनदीकडून फ्योर्डच्या (जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या) तोंडाकडे वाहतो. धावपट्टी वस्तीच्या वायव्येला आहे. विमानतळाच्या आग विझवण्याच्या सरावात पूर्वी वापरलेल्या फेसामुळे तिथे पीफासचं स्थानिक प्रदूषण झाल्याची नोंद आहे. तेव्हा धावपट्टीजवळचं एक ठिकाण मुद्दाम घ्या, दूषित टोक म्हणून. कोंग्सव्हेगेनवरचं ठिकाण वाऱ्याच्या वरच्या बाजूचं स्वच्छ टोक. मधे वस्तीची कड आणि आउस्त्रे ब्रॉगरब्रेन हिमनदीवर दोन वेगळ्या उंचीची ठिकाणं. झाली पाच.

स्नोमोबाइल नमुन्याच्या जागेपासून निदान १०० मीटर अलीकडे, वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभी करा आणि पुढे चालत जा. स्लेजच्या पट्ट्यांना आणि स्कीला लावायचं मेण नीट तपासा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने फ्लोरिनयुक्त मेणावर २०२३-२४ च्या हंगामापासून बंदी घातली, पण जुन्या डब्यांतलं मेण अजून वापरात असू शकतं, आणि त्यात लांब साखळीचे पीफास भरपूर असतात. स्कीवरून गेलेल्या वाटेचा बर्फ कधीच घेऊ नका.

आणखी एक. वस्तीबाहेर अस्वलांसाठी बंदूक सोबत लागतेच. बंदुकीच्या काही तेलांत पीटीएफई (टेफ्लॉन) असतं. ज्याच्या हातात बंदूक, त्याने बाटलीला हात लावायचा नाही. हे निघण्याआधीच ठरवून टाका, बर्फात उभं राहून नको.

गोठणबिंदू

कपड्यांबद्दल. ‘गोरटेक्स घालू नका’ असं यादीत लिहिणं सोपं, पण उणे १५ अंशांत वाऱ्यात उभं राहायचंय. पाणी झटकणारा लेप असलेलं जाकीट काढून नमुने घेण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. उबदार सूट अंगावर राहू दे, त्यावर लेप नसलेला एकदाच वापरायचा पॉलिथिलीनचा झगा आणि कोपरापर्यंतच्या बाह्या चढवा. हातमोज्यांवर पावडर नसलेले नायट्राइल मोजे, एक नंबर मोठे, नाहीतर लोकरी मोज्यांवर बसत नाहीत. दर नमुन्याला बदला. झग्याचा एक तुकडा मिथेनॉलमध्ये हलवून तो अर्क गोव्यातच यंत्रावर तपासून घ्या. कुठलाही झगा पाकिटावरच्या मजकुरावर विश्वास ठेवून वापरू नये.

सनस्क्रीन सकाळी, सामान उघडण्याच्या खूप आधी लावा आणि हात धुवा. गॉगल मात्र सोडू नका.

थरांसाठी बर्फात खणायच्या खड्ड्याचं तंत्र: सावलीकडची भिंत निवडा. नमुना घेण्याच्या क्षणी भिंतीचा ५ ते १० सेंटिमीटर थर मिथेनॉलने तीनदा धुतलेल्या स्टीलच्या पट्टीने खरवडून काढा. मग खालून वर जा. वरून सुरुवात केली तर वरचा चुरा खालच्या उघड्या थरावर पडतो. शेजारच्या भिंतीत १०० घनसेंटिमीटरच्या कटरने दर १० सेंटिमीटरवर घनता आणि तापमान घ्या, बर्फाचे कडक पापुद्रे नोंदवा. हे लोक फार टाळतात. घनता नसेल तर चौरस मीटरमागे पीफासचा साठा काढता येत नाही. सरासरी १०० पिकोग्रॅम प्रति लिटर आणि सगळा बर्फ वितळून होणाऱ्या पाण्याची खोली ६०० मिलिमीटर असेल, तर ६० नॅनोग्रॅम प्रति चौरस मीटर. वितळताना फ्योर्डमध्ये किती जाईल याचा आकडा इथूनच येतो.

थर म्हणजे कॅलेंडर असं मात्र धरू नका. स्वालबार्डला हल्ली ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो. ते पाणी झिरपताना आधी आखूड साखळीचे रेणू खाली नेतं, लांब साखळीचे मागे रेंगाळतात. पापुद्रा दिसला की त्याच्या वरच्या आणि खालच्या थराची तुलना ऋतूंच्या भाषेत करायची नाही.

हिमरेषा

हे फारच मोलाचं आहे, आभार. फील्ड ब्लँकचं एक कळत नाही. शुद्ध पाणी घेऊन गेले तर ते वाटेतच गोठणार. ओतायचं कसं?

थेंबमोजणी

ओतायचंच नाही. नमुन्यासारखीच धुतलेली रिकामी बाटली न्या. नमुना घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती खड्ड्याशेजारी उघडी ठेवा, स्कूप आत फिरवा, झाकण लावा. केंद्रावर परतल्यावर तिच्यात १ लिटर शुद्ध पाणी भरा आणि पुढे नमुन्याबरोबरच चालवा.

शुद्ध पाणी म्हणजे यंत्रातून आलेलं थेट नव्हे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांत फ्लोरोपॉलिमरचे भाग असू शकतात. ते पाणी आधी एका डब्ल्यूएएक्स कार्ट्रिजमधून (पीफास धरून ठेवणाऱ्या भरणाच्या नळीतून) गाळून घ्या आणि सगळ्या ब्लँकना एकाच वेळी गाळलेलं वापरा.

वास्को_लॅब

गोठवलेल्या बाटल्या गोव्यापर्यंत आणण्याच्या मी विरोधात आहे. पाच ठिकाणांच्या पंधरा नमुन्यांच्या बाटल्या साठ लिटरच्या होतात, आणि वाटेत लॉंगइयरब्येन, ऑस्लो, मग भारतातलं कस्टम. मधे कुठेही अर्धवट वितळून पुन्हा गोठला तर लांब साखळीचे रेणू भिंतीला चिकटतात. न्यू-ऑलेसुंडलाच वितळवा, कार्ट्रिजवर धरा आणि कार्ट्रिज आणा.

क्रम असा. झाकण बंद ठेवून खोलीच्या तापमानाला रात्रभर वितळू द्या. पूर्ण वितळल्याशिवाय थेंबही बाहेर काढू नका, कारण पहिल्या पाण्यात रेणू जास्त एकवटतात. मग त्याच बाटलीत कार्बन-१३ लावलेलं अंतर्गत मानक (ठरावीक मात्रेतले, ओळखता येणारे तेच रेणू) टाका, हलवा, अर्धा तास ठेवा. मानक गोव्यात टाकलं तर न्यू-ऑलेसुंडला झालेला ऱ्हास कधीच दिसणार नाही. एका नमुन्याच्या दोन बाटल्या असतील तर मानक दोन्हींत अर्धं अर्धं.

कार्ट्रिज १५० मिलिग्रॅम, ६ मिलिलिटरचं. आधी ०.१ टक्का अमोनियायुक्त मिथेनॉल ४ मिलिलिटर, मग साधं मिथेनॉल ४, मग पाणी ४. कोरडं पडू द्यायचं नाही. नमुना मिनिटाला ५ मिलिलिटरच्या वर नको, म्हणजे लिटरला तीन-साडेतीन तास धरा. घाई केली की पीएफबीए आरपार निघून जातो. नंतर २५ मिलिमोलर अमोनियम ॲसिटेट, पीएच ४, ४ मिलिलिटर. शेवटी निर्वात पंपाने पूर्ण कोरडं करून पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत, उणे २० अंशांत.

सर्वांत जास्त विसरलं जातं ते रिकाम्या बाटलीचं धुणं. ५ मिलिलिटर मिथेनॉल दोनदा फिरवून वेगळ्या नळीत ठेवा. गोव्यात कार्ट्रिजमधून अर्क काढताना हेच मिथेनॉल आधी वापरायचं, मग अमोनियायुक्त. १० पेक्षा जास्त कार्बनच्या आम्लांचा मोठा वाटा भिंतीवरच असू शकतो.

गाळू नका. काजळी किंवा माती दिसलीच तर काचतंतूचा गाळणकागद वापरा आणि तो मिथेनॉलमध्ये वेगळा काढून मोजा.

गोठणबिंदू

वास्को_लॅब यांचं तत्त्व पटतं, पण मिथेनॉल आणि अमोनिया प्रवासी सामानातून नेता येत नाहीत. घातक मालाच्या नियमांत बसवून पाठवायला किंवा नॉर्वेतल्या पुरवठादाराकडून मागवायला बराच आधी वेळ लागतो, आणि वापरलेलं द्रावक परत पाठवायची सोयही करावी लागते. तेव्हा प्रत्येक ठिकाणचा एक नमुना गोठवूनही ठेवा. कार्ट्रिज गळलं, मानक चुकलं, तर आधार राहील.

कागदपत्रं: प्रकल्प ‘रिसर्च इन स्वालबार्ड’च्या नोंदवहीत नोंदवावा लागतो, आणि क्षेत्रकामासाठी स्वालबार्डच्या गव्हर्नरकडे अर्ज. काही महिने हाताशी ठेवा. स्वालबार्ड शेंगेनबाहेर आहे, जाताना-येताना नॉर्वेत शिरायचं, म्हणून व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा घ्या. न्यू-ऑलेसुंडभोवती २० किलोमीटरपर्यंत २ ते ३२ गिगाहर्ट्झची रेडिओशांतता आहे. वायफाय, ब्लूटूथ बंद. तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं ब्लूटूथवर चालणारी असतील तर केबलवाली घ्या.

उत्तरवारा

प्रत्येक नमुन्याबरोबर आयनांसाठी ५० मिलिलिटरची एक नळी जरूर भरा. सोडियम आणि क्लोराइड नसतील तर स्रोताबद्दल बोलता येणार नाही.

सागरी तुषारांतून आलेला पीएफओएस सोडियमसोबत वरखाली होतो. हवेतून आलेल्या फ्लोरोटेलोमर अल्कोहोलचं (पीफास आम्लांच्या वायुरूप पूर्वजांचं) विघटन झालं तर सम आणि विषम आम्लांची जोडी मिळते, पीएफओएसोबत पीएफएनए, पीएफडीएसोबत पीएफयूएनडीए. विझवणाऱ्या फेसाचा ठसा वेगळा, त्यात पीएफओएस आणि पीएफएचएक्सएस वरचढ. धावपट्टीजवळ हे प्रमाण वर आणि कोंग्सव्हेगेनवर खाली दिसलं, तर तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहिलं.

टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ ला, पीएफओए २०१९ ला, पीएफएचएक्सएस २०२२ ला आला, आणि २०२५ मध्ये लांब साखळीची आम्लंही. उद्योग आखूड साखळीकडे वळलाय, म्हणून पीएफबीए यादीतून काढू नका, मोजायला त्रासदायक असला तरी.

हिमरेषा

पाच ठिकाणं, पंधरा नमुने, पाच फील्ड ब्लँक, आयनांच्या नळ्या आणि प्रत्येक ठिकाणचा एक राखीव नमुना, असा बेत बदलतेय. मिथेनॉलची चौकशी आजच सुरू करते. पीएफबीए त्रासदायक म्हणजे नेमका कसा? आणि टीएफए याच अर्कातून जमेल का?

वास्को_लॅब

पीएफबीएला वापरण्याजोगं एकच संक्रमण (रेणू फोडण्याआधीच्या आणि नंतरच्या वस्तुमानांची जोडी) आहे, २१३ ते १६९. पुष्टीला दुसरं नाही, त्यामुळे धारणकाळ (कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) आणि कार्बन-१३ मानक यांवरच भिस्त. अर्क निव्वळ मिथेनॉलमध्ये असताना मोठं इंजेक्शन दिलं तर त्याचं शिखर पसरतं. पाणी घालून निम्मं केलं तर पीएफबीए सुधारतो, पण लांब साखळीचे रेणू कुपीला चिकटतात. म्हणून अर्क मिथेनॉलमध्येच ठेवा आणि इंजेक्शन २ मायक्रोलिटरवर आणा. कुप्या पॉलिप्रॉपिलीनच्या, झाकणं पॉलिथिलीनची. ती एकदा टोचली की मिथेनॉल उडत राहतं, तीच कुपी दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवू नका. पंप आणि इंजेक्टर यांच्या मधे डिले कॉलम बसवा, म्हणजे यंत्राच्या नळ्यांतून येणारा पीएफओए नमुन्यातल्या पीएफओएच्या मागून निघेल.

टीएफए याच पद्धतीत नको. डब्ल्यूएएक्स त्याला धरतं, पण समुद्राजवळच्या बर्फातलं क्लोराइड जागा अडवतं, आणि नेहमीच्या सी-१८ कॉलमवर तो थांबतच नाही. त्याला वेगळा कॉलम लागतो. त्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे थोडं पाणी पुरतं. आयनांच्या नळीसोबत ५० मिलिलिटरची आणखी एक पॉलिप्रॉपिलीनची नळी भरून गोठवून ठेवा. मात्र ज्या यंत्रावर पेप्टाइडचं काम चालतं आणि मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकात) टीएफए घालतात, त्यावर हे नमुने लावू नका. नळ्यांतून तो दीर्घकाळ निघत राहतो. यंत्राच्या नोंदवहीत आधी कोण काय चालवून गेलं ते वाचा, आणि मगच वेळ मागा.