बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम: साहेबांना कसं पटवू?

डोंबिवलीची आई: २६ आठवड्यांची रजा सोमवारी संपतेय. घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे अंधेरीपर्यंत मेट्रो. जाऊन-येऊन साडेतीन तास जातात. काम जीएसटी रिटर्नचं, सगळं लॅपटॉपवर. तरी साहेबांचं एकच, "माणूस समोर दिसला पाहिजे."

कल्याणकर: २०१७च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद आली. पण कामाचं स्वरूप तसं हवं आणि मालक राजी हवा. म्हणजे कायदा दाखवून भांडण्यात अर्थ नाही.

ठाणेकर ताई: मीही जीएसटीवालीच. कायमचं मागितलंच नाही. दोन महिने, आठवड्याला तीन दिवस. ११ आणि २० तारखेला ऑफिसात असेन, हे लेखी दिलं.

डोंबिवलीची आई: जीएसटीआर-१ आणि ३बी ही दर महिन्याची रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा! ही भाषा साहेबांना कळेल. सासूबाई म्हणतात, आधी वायफाय बदल.