पित्त ‘होतं’ की ‘उठतं’? (पित्त, गांधी, पुरळ, चट्टा)

गेल्या आठवड्यात रात्री माझ्या मुलीच्या पाठीवर आणि मांड्यांवर लाल लाल उठलं आणि ती खाजवून खाजवून रडायला लागली, म्हणून मी धावत मेडिकलमध्ये गेले आणि घाईत ‘पित्त झालंय’ एवढंच बोलले, तर त्यांनी अॅसिडिटीचं औषध काढून दिलं. घरी सासूबाईंनी बाटली वाचली तेव्हा कळलं. त्या माणसाची काही चूक नाही, त्याने ऐकलं तेच दिलं. तेव्हापासून विचार करतेय, आपण एका ‘पित्त’ शब्दात किती काय काय कोंबतो! आणि अर्थ सगळा क्रियापदावर. पित्त होतं म्हणजे घशाशी आंबट येतं, पित्त पडतं म्हणजे उलटीतून कडू हिरवंपिवळं पडतं, पित्त खवळतं ते रागाने, आणि कातडीवर येतं ते मात्र ‘उठतं’. मी ‘उठलंय’ म्हणायला हवं होतं. तुमच्याकडे काय म्हणतात?

—

आमच्याकडे ‘गांधी उठल्या’. छडीचा तो वळ, ढेकूण किंवा डास चावल्यावर फुगते ती गांधी. पित्त उठलं की आजी आमसुलं भिजवून ते पाणी अंगाला चोळायची आणि घोंगडी पांघरायला द्यायची. आमसुलाच्या पाण्याने गार वाटायचं पण घोंगडीने मला तरी खाज जास्तच सुटायची!

जुना शब्द शीतपित्त. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ हे कातडीवर उठणारे विकार एकत्र दिलेत आणि तिथे सूज कशी दिसते तर ‘वरटी’ चावल्यासारखी. वरटी म्हणजे आपली गांधीलमाशी. गांधी आणि गांधीलमाशी हे शब्द एकमेकांतून आले का ते भाषेच्या अभ्यासकांनी सांगावं, पण दिसायला उपमा अगदी चपखल आहे.

—

मी स्किनच्या ओपीडीत नर्स आहे. माझं मत, डॉक्टरांना सांगताना ‘गांधी’च म्हणा, कारण तो शब्द डोळ्यांना दिसतं ते सांगतो. पुरळ म्हणजे बारीक बारीक पुष्कळ, गोवरासारखं. चट्टा सपाट असू शकतो. फोडात पाणी असतं. गांधी फुगीर असते, खाजते, आणि मुख्य म्हणजे जागा बदलते. एका गांधीभोवती पेनाने गोल काढून ठेवा, साधारण 24 तासांच्या आत ती मावळते, तोवर दुसरीकडे नवीन उठते. रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरात सगळेच खाजवतायत तर ती खरूज असू शकते, तिचं औषध वेगळं.

आणि अंगावरच्या या पित्ताचा पोटातल्या पित्ताशी संबंध नाही हो. कातडीतल्या मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, म्हणून ती जागा फुगते. त्यासाठी सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन अशा अँटीहिस्टामिन गोळ्या असतात, लहान मुलांचा डोस वजन-वयाप्रमाणे डॉक्टरांकडूनच घ्यायचा. कारण काहीही असू शकतं, कोळंबी, शेंगदाणे, दुखण्यावरची गोळी, थंड वारा, आणि लहान मुलांत तर नुकताच होऊन गेलेला ताप. सहा आठवड्यांच्या वर चाललं तर ते जुनाट, तेव्हा बऱ्याचदा कारण सापडतच नाही, म्हणून उगाच एकेक पदार्थ बंद करत मुलांना उपाशी ठेवू नका.

ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली तर शब्द शोधत बसायचं नाही, 108 लावा नाहीतर सरळ हॉस्पिटल गाठा, तिथे मांडीत अॅड्रेनालिनचं इंजेक्शन देतात. आणि कृपा करून मेडिकलमधून मनाने खाजेची ट्यूब आणू नका, त्यात स्टेरॉइड असेल आणि मुळात गजकर्ण असेल तर ते आणखी पसरतं.

—

पेनाची युक्ती आज केली! सकाळी दंडावर गोल काढला, संध्याकाळी आतली गांधी गायब आणि पोटरीवर नवीन दोन. चार दिवसांपूर्वी तिला ताप येऊन गेला होता, डॉक्टरही तेच म्हणाले, सिरप दिलंय, आज निवांत झोपलीये. सासूबाई म्हणतात त्यांच्या माहेरीही ‘गांधी’च म्हणायचे, मीच विसरले होते.