ओब्यूसाँ पद्धतीची टॅपेस्ट्री सोलापूरच्या हातमागावर: छटा, कडा आणि फटी

धोटा_सोलापूर: चित्रकाराच्या जलरंगातल्या चित्रावरून फ्रान्समधल्या ओब्यूसाँ गावच्या पद्धतीची टॅपेस्ट्री (भिंतीवर टांगायचं विणलेलं चित्र) विणायची आहे. उंची 120 सेंमी, रुंदी 90. माग आडवा, दोन पावड्यांचा (पायाने दाबायच्या पट्ट्यांचा). नमुन्यात कडा आत ओढल्या जातात आणि रंगांच्या हद्दीवर फटी पडतात. शिवाय जलरंगातल्या इतक्या छटा लोकरीत आणायच्या कशा?

ताणाबाणा: आधी जकारचा (चादरीवर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेचा) हिशेब बाजूला ठेवा. चादरीत बाणा (आडवा धागा) काठापासून काठापर्यंत जातो. इथे प्रत्येक रंगाची कांडी (धागा गुंडाळलेली नळी) आपल्या भागापुरती जाऊन परत फिरते. कापड सगळीकडे सारखं चढत नाही, म्हणून हात्या (पूर्ण रुंदीचा बाणा एकदम ठोकणारी चौकट) चालत नाही. तो वर बांधून ठेवा आणि दरीवाल्यांचा पंजा (बाणा दाबायचा दातेरी काटा) घ्या.

ओब्यूसाँच्या रीतीप्रमाणे चित्र आडवं करून विणा. मागावर 120 सेंमी पन्हा, सेंमीला ताण्याचे (मागावर ताणलेले उभे) 5 धागे, म्हणजे 600 धागे. ताण्याला घट्ट पिळाचं तिपेडी सूत घ्या, टॉवेलचं सैल सूत टिकणार नाही. बाणा लोकरीचा, ताणा पूर्ण झाकणारा. तो सरळ ओढून भरला की कडा आत येतात. कमानीसारखा सैल टाका, मग पंजाने दाबा.

कार्टून (पूर्ण मापाचं नमुना-चित्र) ताण्याखाली असतं आणि विणताना उलटी बाजू वर येते, म्हणून ते आरशातल्यासारखं काढा. चित्रकाराची सहीसुद्धा.

लोकररंग: छटांचा मोह आवरा. 18व्या शतकात पॅरिसच्या गोबलाँ टॅपेस्ट्री कारखान्यात तैलचित्राची हुबेहूब नक्कल करण्यासाठी असंख्य छटा रंगवल्या गेल्या. नाजूक छटा उडाल्या आणि चित्रांचा उठाव गेला. 20व्या शतकात फ्रेंच चित्रकार झाँ लुर्सा यांनी ओब्यूसाँत वेगळी वाट धरली: जाड वीण, मोजके रंग, आणि कार्टूनवर रंगांऐवजी प्रत्येक भागात लोकरीचा क्रमांक. तुम्हीही 12-15 रंगांत बसवा. लड्या समोर ठेवून चित्रकारालाच क्रमांक ठरवू द्या, हा निर्णय विणकरावर टाकू नये. मधली छटा हवी असेल तर दोन रंगांचे लांब दात एकमेकांत घुसवा, किंवा दोन्हींच्या तारा एकाच कांडीवर भरा.

धोटा_सोलापूर: फटी विणतानाच जोडाव्यात का?

ताणाबाणा: हद्द ताण्याच्या दिशेने सरळ गेली की फट पडतेच. जमेल तिथे हद्द पायऱ्यापायऱ्यांनी सरकवा. उरलेल्या फटी मागावरून उतरवल्यावर पक्क्या दोऱ्याने शिवाव्याच लागतात. टांगल्यावर ताणा आडवा येतो, त्यामुळे फटीही आडव्या होतात आणि वजनाने उघडतात. वरच्या काठाला पूर्ण रुंदीची वेल्क्रो पट्टी शिवा. दोन खिळ्यांवर टांगली तर मधला भाग झोळ खातो.