गाडीत बेस डिकीतून येतोय आणि गायकाचा आवाज माझ्या गुडघ्याशी बसलाय, क्रॉसओव्हर (कुठला स्पीकर कुठवरचे सूर वाजवणार ती हद्द) किती ठेवू?

बेसुरा_बेस:
पुढच्या दारांत साडेसहा इंची कम्पोनंट (वूफर नि ट्वीटर वेगळे असलेला सेट), ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) ए-पिलरवर, म्हणजे पुढच्या काचेशेजारच्या खांबावर, डिकीत १० इंची सब (खोल बेसचा स्पीकर). दारांचं हाय पास (त्याच्या वरचेच सूर जाऊ देणारा फिल्टर) १२० हर्ट्झ आणि सबचं लो पास (खालचेच जाऊ देणारा) ६० ला ठेवलंय, म्हटलं एकमेकांच्या मधे मधे नको करायला. पण किक ड्रमला ठोसाच नाही आणि आवाज सगळा माझ्याच बाजूच्या दारातून येतो. स्पीकर बदलू का?

जुना_वायरमन:
अहो थांबा, स्पीकर कशाला बदलताय. ६० ते १२० म्हणजे अख्खा एक ऑक्टेव्ह (हर्ट्झ दुप्पट होईपर्यंतचा पट्टा), तिथे धड कोणीच वाजत नाहीये, ठोसा नेमका तिथेच असतो. दोन्ही ८० ला आणा, सबचा स्लोप (हद्दीपलीकडे दर ऑक्टेव्हला आवाज किती उतरतो ते) २४ डीबी ठेवा. १२ डीबी ठेवलात तर १६० हर्ट्झलासुद्धा सब फक्त १२ डीबीने खाली असतो, मग कानाला डिकी लगेच सापडते. आणि स्टिरिओ नि अ‍ॅम्प दोन्हीकडे फिल्टर चालू नाहीत ना ते बघा, एकावर एक बसतात. एका जागी पूर्ण बंद करा.

टेप_घेऊन_फिरतो:
गुडघ्याचं सांगतो. कानापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजा. समजा तुमच्या बाजूचा ९० सेंमी आणि पलीकडचा १३०, तर फरक ४० सेंमी, आवाज १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंमी जातो म्हणजे जवळच्याला १.२ मिलिसेकंदाच्या आसपास डिले द्यायचा, म्हणजे त्याचा आवाज तेवढा उशिरा सोडायचा. डिले नेहमी जवळच्याला, मी स्वतः सुरुवातीला उलटं केलं होतं आणि गायक पार माझ्या दारातच घुसला. साडेसहा इंचीचा आवाज अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर समोर एका रेषेतच जातो, दारात तो तुमच्या पोटऱ्यांवर आदळतो, म्हणून वरचं काम ट्वीटरचंच. ट्वीटर आधी डबल टेपने चिकटवून आठवडाभर वेगवेगळ्या कोनांत ऐका, ड्रिल नंतर.

बेसुरा_बेस:
८० केलं, डिले दिला. गायक डॅशवर आला पण मधोमध नाही, नुसता पसरलाय, आणि बेस अजून पातळच. बॅलन्स एका बाजूला पूर्ण फिरवला की उलट जास्त बेस येतो! हे काय?

जुना_वायरमन:
एका बाजूची प्लस-मायनस उलटी आहे, पैज लावतो. दारातल्या वूफरची वायर सोडवा, थेट त्याच्या टर्मिनलला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. कोन बाहेर यायला हवा. ट्वीटरवर हा प्रयोग करू नका.

बेसुरा_बेस:
पैज जिंकलात. डाव्या दाराचा कोन टक्कन आत गेला 🤦 दोन्ही वायरींना मीच काळी टेप गुंडाळली होती. उलटं जोडल्यावर गायक बरोबर मधे उभा.

टेप_घेऊन_फिरतो:
दाराचं आतलं पॅड उघडलंच आहे तर दाराच्या आतल्या पत्र्याची मोठी भोकं डॅम्पिंग शीटने बंद करून टाका, नाहीतर कोनच्या मागचा आवाज पुढे येऊन बेस खातो. आणि सबचा फेज स्विच (कोनची आत-बाहेर हालचाल उलटी करणारा) ० आणि १८०, दोन्ही ठेवून बघा, सीटवर बसून ज्यात ठोसा जास्त तो ठेवायचा.

बेसुरा_बेस:
१८० वर जमलं. पॅड बसवताना एक क्लिप तुटली, आता बेस गिटार खाली गेली की दार खडखडतंय, ते उद्या.